एका पिंजऱ्यात एकच

१ मार्च, सोमवार

आले एकदाची! दोन पिशव्या, एक ट्रंक आणि कुंडीतलं अर्धमेलं रोप, एवढा संसार घेऊन आज दुपारी या घरात दाखल झाले. जागा बघून जीव हरखला. तळमजल्यावर मागच्या अंगणातून वेगळं दार, दोन खाटांची ऐसपैस खोली, स्वतंत्र न्हाणीघर, नळाला गरम पाणी! पाळीव प्राण्यांच्या दुकानात माशांच्या टाक्या घासता घासता माझी उमेदीची वर्षं गेली. राहायला दुकानामागची खोली, तिथे दोघींनी झोपायचं तर एकीने श्वास घ्यायचा आणि दुसरीने सोडायचा. म्हणून आई गेल्यापासून माझी धाकटी बहीण वसतिगृहात नाहीतर कुणाच्या तरी मेहेरबानीवर राहिली. आता बास झालं. अठ्ठावीस तारखेला, रविवारी, ती कायमची माझ्याकडे येणार. खिडकीजवळची खाट तिची. दुपारी दोन किल्ल्या हातात पडल्या आणि संध्याकाळच्या आत त्यातली एक कुरियरने तिच्याकडे रवानासुद्धा झाली. घंटा वाजवू नकोस, सरळ आत ये, असं वर चिठ्ठीत लिहिलं.

काम म्हणजे शॅमेलिऑनची देखभाल. रंग बदलणारे डझनभर सरडे! माणसांमध्ये असे पुष्कळ पाहिलेत, म्हटलं आता खरे बघू.

मालकीण वरच्या मजल्यावर राहतात. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. पूर्वी जनावरांच्या डॉक्टर होत्या. जिन्याच्या वरच्या टोकाला जाड पडदा आहे, त्याच्या पलीकडून त्या बोलल्या. आवाज मऊ, पण नियम कडक. एका पिंजऱ्यात एकच सरडा. दोन पिंजऱ्यांच्या मध्ये फळी हवीच, कारण नराला दुसरा नर नुसता दिसला तरी तो पिसाळतो. सरड्यांच्या खोलीत एका वेळी एकच माणूस. आणि घरात आरसा अजिबात नको. खिडक्यांच्या काचा दुधी, नळांना रंग फासलेला, चमचेसुद्धा लाकडी. दारांना आतून कडी नाही आणि ती बाहेरच्या बाजूला उघडतात. का, तर आत अडकलेल्याला बाहेर काढता आलं पाहिजे. मी म्हटलं, माझा चेहरा न दिसल्याने माझं काही अडत नाही, ज्यांना दिसतो त्यांचंच अडतं. पडद्यामागून हसण्याचा आवाज आला नाही. असू दे, हळूहळू हसतील.

४ मार्च, गुरुवार

हे प्राणी म्हणजे नखऱ्यांची खाण! भांड्यातलं पाणी त्यांना पाणी वाटतच नाही. पानावरून थेंब ओघळला पाहिजे, मग तो चाटणार. म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारणी करायची आणि दिवसभर वरून बारीक नळीने ठिबक चालू ठेवायची. जेवायला जिवंत रातकिडे, तेही कॅल्शियमची पावडर चोळून. जीभ अशी सुटते की रातकिड्याला आपण मेलो हे कळायला उसंत मिळत नाही. मग चावण्याचा आवाज. खोलीत इतकी शांतता असते की तो कुरकुर आवाज सगळ्या पिंजऱ्यांतून ऐकू येतो.

सगळ्यांना नावं ठेवून झाली. एक हवालदार, एक वकील, एक रडूबाई. सगळ्यांत थोराड ते आजोबा. आपण बघितलं की आजोबा फांदीच्या पलीकडे सरकतात आणि एकच डोळा बाहेर काढून बघतात. त्यांना वाटतं आपण दिसतच नाही. मला आमची आंधळी कोशिंबीर आठवली. राज्य माझ्यावर आलं की मी चाचपडत भिंतींना धडकायचे, आणि धाकटीला ते बघवायचं नाही. हळूच मागून येऊन माझ्या डोळ्यांवरच्या पट्टीची गाठ सोडायची. दर वेळी! आई ओरडायची की असा कुठे खेळ असतो का.

स्वयंपाकाच्या काकू रोज जेवणाचा डबा मागच्या खिडकीत ठेवतात, घंटी वाजवतात आणि पाठ करून उभ्या राहतात. तोंड ओढणीने डोळ्यांपर्यंत गुंडाळलेलं. मी विचारलं की कुणाचं कर्ज बुडवलंय का. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या की या घरात तोंड न दाखवलेलं बरं. आधीची सांभाळणारी एक डोळा गमावून गेली म्हणे. काय घर आहे!

९ मार्च, मंगळवार

आज माझ्या हातून मोठी चूक झाली. फळी धुवायला काढली, उन्हात वाळत घातली आणि हवालदाराच्या पिंजऱ्याची खिटी नीट न लावताच रातकिडे आणायला गेले. परत येते तर हवालदार वकिलाच्या पिंजऱ्याच्या जाळीला लटकलेला आणि आतून वकील त्याच्यावर तुटून पडलेला. दोघं काळेठिक्कर. जाळीचा कोपरा उचकटून हवालदार आत घुसला. मग नुसतं फाडाफाडीचं काम. हे प्राणी एरवी पाऊल टाकायला दहा वेळा विचार करतात, आणि इथे एकाने दुसऱ्याचा जबडा धरून असा पिळला की हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. वकिलाचा डोळा बाहेर लोंबत होता. त्याच स्थितीत त्याने हवालदाराचं पोट फाडलं.

टॉवेल टाकून सोडवलं तेव्हा हवालदार संपला होता. वकीलही तासाभराने गेला. मला रडू फुटलं.

मोठ्या बाईंना सांगितलं. रागावतील, पगार कापतील, असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की बघताना मला कसं वाटलं. मी म्हटलं, भयंकर वाटलं, दुसरं काय वाटणार? त्यावर त्या म्हणाल्या की मग ठीक आहे, अजून सगळं ठीक आहे.

१२ मार्च, शुक्रवार

धाकटीने फोनवर हट्ट धरला होता की आजोबांचे सगळे रंग बघायचेत. आजोबा दिवसभर पानाच्या रंगाचे होऊन बसतात, करायचं काय? मग दुकानातली युक्ती आठवली. लढाऊ माशापुढे आम्ही आरसा धरायचो. मासा समोर शत्रू आहे समजून पंख फुलवायचा आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजायचं. माझ्या पर्समध्ये पावडरची डबी आहे, तिच्या झाकणाला इवलासा आरसा. नियम ठाऊक होता, पण म्हटलं एका मिनिटाने कुणाचं काय बिघडतंय.

काय रंग उसळले! जांभळे पट्टे, पिवळी किनार, तांबडे ठिपके. गळा फुगला, तोंड वासलं आणि त्यांनी थेट आरशावर झेप घेतली. दात घासून हिरडीतून रक्त आलं तरी थांबेनात. मी फोटोसाठी त्यांच्या पाठीवरून वाकले होते, त्यामुळे आरशात खाली त्यांचं तोंड आणि वर माझं, असे आम्ही दोघं एकदम दिसलो. त्यांचा एक डोळा आरशावर होता. दुसरा सावकाश फिरून आरशातल्या माझ्या डोळ्यांवर आला आणि तिथेच थांबला. माझ्या डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग झाली.

मग आजोबांनी तोंड मिटलं. बघता बघता ते पिठासारखे पांढरे झाले, माझ्या हातावर चढले आणि चक्क झोपले! मला तर कौतुकच वाटलं. फोटो झकास आलाय. धाकटीने उत्तर पाठवलं की आजोबांपेक्षा तूच जास्त भयानक दिसतेस. आगाऊ कार्टी.

१४ मार्च, रविवार

काहीतरी बिनसलंय. सकाळी वाऱ्याने काकूंची ओढणी उडाली. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. गोल, साधा, हनुवटीवर तीळ. वाईट काय आहे त्यात? पण माझा गळा आतून फुगत गेला, तळवे काळपट झाले, आणि वाटलं की हे तोंड माझ्या समोरून गेलं पाहिजे. नुसतं गेलं पाहिजे असं नाही, फुटलं पाहिजे. त्या गेल्या तेव्हा माझ्या हातातला डबा चेपलेला होता.

पित्त झालं असेल. ऊन वाढलंय.

आजोबांच्या शेजारची फळी घसरली होती. पलीकडचा नर त्यांना लख्ख दिसत होता, तो काळा होऊन धडका मारत होता. आजोबा मात्र पांढरेच. निवांत रातकिडा चावत बसले होते.

१७ मार्च, बुधवार

तोंड धुवायला बादलीवर वाकले तर पाण्यात माझा चेहरा दिसला.

त्यानंतरचं आठवत नाही. भानावर आले तेव्हा बादलीचे तुकडे झाले होते आणि बोटांची सालं निघाली होती. तशीच ओल्या कपड्यांनी जिन्याशी गेले. मी काही बोलायच्या आत पडद्यामागून मोठ्या बाईंनी विचारलं, आजोबांना आरसा दाखवलात ना?

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनीही एकदा हेच केलं होतं, असाच एक फोटो काढण्यासाठी. ज्याच्यासोबत त्या प्राण्याची नजर आरशात मिळते त्याच्यात त्याचा तो कैफ उतरतो आणि प्राणी सुटतो. परत देता येत नाही, त्यांनी खूप प्रयत्न केले. आवाजाने काही होत नाही, जे होतं ते चेहरा पाहून होतं. परका चेहरा दिसला तर अंगाची लाही होते. ओळखीचा असला तर हात उठतो. आणि जितका आपल्यासारखा, तितका... त्यांनी नवऱ्याला या जिन्यावरून ढकललं होतं. सख्ख्या बहिणीचं काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आधीच्या सांभाळणारीचा डोळा मात्र त्यांनीच काढला, ती पडदा सारून वर आली म्हणून. पडदा त्यांना लपवण्यासाठी नाही, आम्हाला जगवण्यासाठी आहे. हे सरडे दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नयेत म्हणून त्या इथे सांभाळतात. पिल्लं होऊ देत नाहीत. आपल्याबरोबर हे संपावं एवढीच त्यांची इच्छा.

मी जिन्यात उभी राहून वाट्टेल ते बोलले. आधी का नाही सांगितलंत म्हणून शिव्या घातल्या. त्या शांतपणे म्हणाल्या की आरसा नको एवढं सांगितलं होतं, बाकीचं सांगितलं असतं तर तुम्ही त्याची थट्टा केली असती.

खरंच आहे ते. केली असती.

मग त्यांनी विचारलं, तुमची बहीण तुमच्यासारखी दिसते का?

१८ मार्च, गुरुवार

दिसते. छापून काढल्यासारखी. दोन वर्षांचा फरक आहे, पण लोक आम्हाला जुळ्या समजतात.

फोन केला. म्हटलं, येऊ नकोस, मला रोग झालाय, तुला बघितलं तर मी तुला मारून टाकीन. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी शपथ घेतली, रडले. ती म्हणाली की नाटकात काम कर, नाव काढशील. दोष तिचा नाही. लहानपणी आत वाघ आहे असा कागद मीच दाराला चिकटवायचे आणि आतून गुरगुरायचे. दुधाच्या पातेल्यात साप आहे म्हणून तिला गल्लीभर पळवलं होतं. आजवर तिला एक धड गोष्ट सरळ सांगितली नाही मी.

तिने वसतिगृहातली खोली सोडलीय. सामान बांधून झालंय. मला चकित करायला काहीतरी आणणार आहे म्हणे.

२१ मार्च, रविवार

तिचा निरोप आला. वर फोटो होता. नवीन केस कापलेत, माझ्यासारखेच.

फोन भिंतीवर. मग फरशीवर. मग दातांत. हिरडीत काचा रुतल्यात, जीभ कापलीय. फोटोने हे झालं – नुसत्या फोटोने.

आता तिला फोन करता येत नाही. मोठ्या बाईंचा फोन आहे, पण तिचा नंबर मला पाठ नाही. हल्ली कुणाचा नंबर पाठ असतो? वसतिगृहाचा पत्ताही फोनमध्येच होता, नावसुद्धा धड आठवेना. बाईंनी अर्धवट नावावरून शोधून तिथे चौकशी केली. ती तिथून निघालीय, वाटेत मैत्रिणीकडे राहून येणार आहे. कुठली मैत्रीण ते वसतिगृहातल्यांनाही माहीत नाही.

२४ मार्च, बुधवार

काकू आत आल्या. दोन दिवस डबा तसाच होता म्हणून काळजीने आल्या. बिचाऱ्या. घाम पुसायला त्यांनी ओढणी सोडली.

मी त्यांचा कान तोडला. दातांनी. त्या ओरडत होत्या आणि मला वाटत होतं की अजून ओरडतायत म्हणजे अजून तोंड शिल्लक आहे. त्यांनी तवा मारला नसता तर मी थांबले नसते. डोक्याला खोक पडली आणि डोळे मिटले, तेव्हा कुठे ते गेलं.

तोंडात रक्ताची चव होती. बराच वेळ मी ती थुंकली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

वरून बाईंनी सांगितलं की काकूंनी दवाखान्यात कुत्रा चावला असं सांगितलंय. माझ्यासाठी खोटं बोलल्या. मी त्यांचा कान तोडला आणि त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या.

२६ मार्च, शुक्रवार

बाई गेल्या. मी मारलं –

त्या खाली आल्या होत्या. डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधून, कठडा चाचपडत. हातात दुसरी पट्टी होती, माझ्यासाठी. हाक मारत होत्या की डोळे मिटा, मिटून ठेवा, मी बांधते, बहीण येऊन जाईपर्यंत आपण दोघी अशाच बसू.

मी मिटले होते. खरंच मिटले होते. पण पायरीवर त्यांचा पाय घसरला तेव्हा आपोआप उघडले.

म्हातारं तोंड. किती छोटं. मी डोकं धरून पायरीच्या कडेवर आपटलं. परत. परत. त्यांनी हात वर केला नाही. मध्येच म्हणाल्या, पट्टी घ्या – आणि मग बोलण्यासारखं काही उरलं नाही.

चादर टाकलीय. चादरीखालीही चेहरा आहे हे मला कळतं. जिन्याकडे जात नाही, म्हणजे वरचा बाईंचा फोनही गेला.

२७ मार्च, शनिवार

उद्या.

पट्टी बांधून पळून जावं? गल्लीत पहिलाच भला माणूस विचारील काय झालं बाई, आणि पट्टी वर करील. पोरं खेळत असतात तिथे. नाही.

काट्याने डोळे काढायचं ठरवलं. पापणीपर्यंत नेला, टोचलासुद्धा. हात पुढे जात नाही. हवालदाराला मारताना वकिलाचा डोळा लोंबत होता, त्याला काही वाटलं नाही. मला मात्र धीर होत नाही. भित्री मेली.

दाराला कडी नाही. बाहेर उघडतं, खाट लावून उपयोग नाही. बाहेरून कागद चिकटवला – आत येऊ नकोस. मी थट्टा करत नाहीये. पोलिसांना बोलाव. वर रक्ताचा हात उमटला. बरं झालं, खरं वाटेल.

बाईंची पट्टी आहे. ठिबकच्या नळीने स्वतःला खाटेला बांधणार. पाय, कंबर, डावा हात. उजवा बांधायला तिसरा हात कुठून आणू? तो लिहील.

पट्टी राहिली तर ती जगेल. मी बघितलं नाही तर काही होणार नाही. एवढंच सांभाळायचंय.

सगळ्या सरड्यांना पाणी घातलं. आजोबा पांढरे. माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघत होते.

२८ मार्च, रविवार

पट्टी बांधली. चार गाठी मारल्या. न बघता लिहितेय, ओळ ओळीवर जात असेल.

उजेड झाला असावा. पक्षी ओरडतायत. नळी मनगटात रुतलीय. चांगलं आहे.

गाडीचं दार वाजलं –

अंगणात तीच. चालणं ओळखते मी. सामान ओढत आणतेय. गुणगुणतेय.

थांबली. कागद वाचतेय. वाच. नीट वाच. जा –

हसतेय! मोठ्याने हसतेय. म्हणते लाल रंग छान मिळवलास –

किल्ली.

मी ओरडतेय. जा, जा, पोलीस, जा. ती म्हणते अजून नाटक संपलं नाही का –

आत आली. गप्प झाली. नळ्या दिसल्या असतील. आता तरी घाबर, धाकटे. घाबर आणि पळ –

रडतेय. कुणी बांधलं तुला म्हणते. कुणी केलं हे, ताई. जवळ येतेय. नको. लांब हो. पट्टीला हात लावू नकोस. माझ्या आवाजात काय ऐकू येतंय तिला –

मागे गेली. मागून. तशीच, हळूच, लहानपणी –

तिची बोटं. गाठीशी. एक सुटली. म्हणते थांब ताई, झालं, आता झालं –

दुसरी. तिसरी. मी डोळे मिटलेत. घट्ट मिटलेत. धाकटे तू पुढे येऊ नकोस, माझ्या पुढे नको –

गार वारा लागला पापण्यांना. ती माझं तोंड हातांत धरून म्हणतेय बघ ना, ताई, माझ्याकडे बघ, मीच आहे –

नाही बघत. नाही बघत. नाही

किती माझ्यासारखी